पीठ कधीचं आहे?



गेल्या आठवड्यात आमच्या भावकीतल्या एका घरी गेले होते. त्यांची मुलगी पुढच्या महिन्यात परदेशात शिकवायला निघाली आहे. सोप्यात दोन मोठ्या बॅगा उघड्या होत्या आणि पाच-सहा जणी मिळून त्या भरत होत्या. खाकरे, भाजणी, मेतकूट, शेंगाची चटणी, तयार उपम्याची पाकिटं, लाडू. मुलीची आई म्हणाली, "काकू, तुम्ही दोन वर्षं बाहेर काढलीत. अजून काय घालू सांगा." मी म्हटलं, "यातलं निम्मं काढ."

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. एक जण म्हणालीही, "म्हणजे पोरीनं तिथलं काहीबाही खायचं का?" मी तिथं फार बोलले नाही. निघायच्या गडबडीत कुणाचं मन दुखवू नये. पण माझं मत तेच आहे, आणि ते का आहे हे सांगायचं तर माझी स्वतःची बॅग तुमच्यापुढं उघडावी लागेल.

काही वर्षांपूर्वी मी इथिओपियात, बाहिर दार नावाच्या गावी गणित शिकवायला गेले होते. ताना सरोवराच्या काठचं गाव, समुद्रसपाटीपासून १८०० मीटर उंचीवर. निळी नाईल नदी याच सरोवरातून निघते. भारतीय शिक्षक तिथं नवे नाहीत. सम्राट हेले सेलासींच्या काळापासून आपली माणसं तिथं शाळांतून शिकवत आली आहेत. पन्नाशी-साठी उलटलेले लोक रस्त्यात थांबवून "मला इंडियन सरांनी गणित शिकवलं" असं सांगायचे. त्यामुळं माणसांची भीती नव्हती. भीती होती ती ताटाची. म्हणून मीही अशाच दोन बॅगा भरून नेल्या होत्या.

पहिले दोन महिने मी खोलीवर एकटीच जेवले. कँटीनमध्ये सगळे जण एका मोठ्या थाळीभोवती बसून इंजेरा खायचे. इंजेरा म्हणजे तेफ नावाच्या धान्याचं मोठं, मऊ, जाळीदार धिरडं. थाळीभर तेच अंथरायचं आणि त्यावरच भाज्या आणि डाळी वाढायच्या. पण त्याचं पीठ आधीच्या घाण्यातलं आंबोण घालून दोन-तीन दिवस आंबवतात. आपल्याकडं रात्र उलटलेलं भिजलेलं पीठ चालत नाही, चव पालटलेलं अन्न चलितरस म्हणून वर्ज्य. तेव्हा इंजेरा मी पहिल्या दिवशीच बाजूला ठेवला, आणि दोन वर्षांत खाल्ला नाही. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

चूक त्यापुढं झाली. इंजेरा चालत नाही म्हणजे इथलं काहीच चालत नाही, असं मी धरून बसले. कुणाला काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत सगळे थाळीकडं निघाले की मी खोलीकडं निघायची. दोनदा-तीनदा बोलावून ते गप्प झाले. मागाहून कळलं, त्यांना आधी वाटलं की मी आजारी आहे. नंतर वाटलं की मला त्यांच्याबरोबर बसायचं नाही.

एका रविवारी सासूबाईंचा फोन आला. मी जरा अभिमानानंच सांगितलं, "आई, दोन महिने झाले, इथल्या अन्नाला हात लावला नाही. अजून आपल्या भाजणीवरच आहे."

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "अगं, पण ते पीठ कधीचं आहे?"

मी काही बोलले नाही.

"पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. लग्न होऊन आलीस तेव्हा मीच शिकवलं होतं की. आणि तू दोन महिन्यांचं पीठ खातेस आणि मला वर सांगतेस? त्या गावात गिरण नाही काय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणी विचारतात? पिठाची मर्यादा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. श्वेतांबर घरांत मिठाईचा काळ पाळतात, पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका लावायचा असला की आपण त्याच दिवशी दळतो, पाणी गाळतो, धान्याचा दाणा न दाणा शोधतो. आणि मुलगी परदेशी निघाली की सहा महिने पुरेल एवढं पीठ बांधून देतो. का? तर ते "आपलं" आहे म्हणून. बॅगेत गेलं की त्याची मर्यादा कुणी मोजत नाही. परक्या मुलखातलं ताजं धान्य मात्र बघायच्या आधीच अभक्ष्य ठरतं.

मी तेच करत होते. नियम पाळते असं वाटत होतं, प्रत्यक्षात ओळखीची चव पाळत होते.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, इथं गिरण कुठं आहे? त्या भूगोल शिकवायच्या. त्यांना इतका आनंद झाला की त्या स्वतः मला घेऊन निघाल्या.

तो बुधवार होता. दुपारचे दोन वाजले तरी त्या जेवल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आज त्सोम." तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी त्सोम पाळतात, फासिका म्हणजे त्यांच्या ईस्टरनंतरचे पन्नास दिवस तेवढे सोडून. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी काही नाही, आणि कडक पाळणारे दुपारी तीनपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. फासिकाच्या आधी तर सलग ५५ दिवसांचा मोठा त्सोम असतो, त्याला हुदादे म्हणतात. सामान्य माणसाचे असे दिवस वर्षाकाठी १८० च्या घरात जातात. आणि मी दोन महिने या लोकांत राहून समजत होते की यांना आपला उपवास कळायचा नाही!

कँटीनमध्ये "त्सोम" एवढा एक शब्द उच्चारला की प्राणिज काही नसलेलं ताट येतं. पण लगेच हुरळून जाऊ नका. त्या ताटात बटाटा असतो, गाजर असतं, बीट असतं, आणि कांदा-लसणाशिवाय तर फोडणीच पडत नाही. माझ्या माहेरी कांदा-लसूण चातुर्मासात बंद, सासरी बारा महिने बंद. म्हणून मी कांद्याचा शब्द पाठ केला, शिंकुर्त. मोठ्या ऐटीत सांगितलं, शिंकुर्त नको. आलेल्या वाटीला लसणाचा भपकारा. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांच्याकडं कांदा म्हणजे तांबडा शिंकुर्त आणि लसूण म्हणजे पांढरा शिंकुर्त, नेच शिंकुर्त. स्वयंपाकीणबाईंनी बिचारीनं तांबडा काढला होता, पांढरा राहू दिला होता. दोष तिचा नव्हता. मी अर्धाच प्रश्न विचारला होता.

तेव्हापासून पुरता विचारायला शिकले. आणि मग बाजार माझ्याशी बोलायला लागला.

शनिवारच्या बाजारात काळ्या बारीक बियांची रास दिसली. हातात घेऊन बघते तर कारळे! त्याला तिथं नुग म्हणतात आणि त्याचं तेल त्सोमच्या स्वयंपाकाला वापरतात. शेजारी तेल्बा, म्हणजे आपली जवस. अबिश म्हणजे मेथी, मिसिर म्हणजे मसूर, शिंब्रा म्हणजे हरभरा, दुबा म्हणजे लाल भोपळा. गोमेन नावाची पालेभाजी, कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी. बाजारातल्या बाईनं कारळ्याचं माप ओंजळीत ओतलं तेव्हा मला आईची कारळ्याची चटणी आठवून तिथंच गलबलून आलं.

नंतर कळलं की कारळे मूळचेच इथिओपियाचे. आपली नाचणी आफ्रिकेच्या याच डोंगराळ पट्ट्यातून आलेली. ज्वारीचं मूळही त्याच बाजूचं, शेजारच्या सुदानकडचं. म्हणजे ज्या भाकरीला आणि चटणीला आपण अस्सल घरचं म्हणतो, त्यांचं माहेर इकडंच. कधी काळी कुण्या बाईनं परक्या दाण्याकडं बघून "हे काय, कसं शिजवायचं?" असं विचारलं असेल, म्हणून आज ते आपल्या डब्यात आहे.

आता तेफचं ऐका. दाणा खसखशीहून बारीक. मला पहिली काळजी पडली ती शोधायचं कसं याची. पण साठवणीत त्याला सहसा कीड लागत नाही, टोके-पोरकिडे त्याच्या वाटेला जात नाहीत. बारीक चाळणीनं खडा-माती काढायची, ताटात पसरून बघायचं आणि गिरणीला द्यायचं. गिरणी गल्लोगल्ली आहेत. मी दर आठवड्याला किलोभर दळून आणायला लागले. गिरणीवाला आधी हसायचा, एवढंसंच काय आणता म्हणून. मी आमच्या पिठाच्या दिवसांचा हिशोब सांगितला. पुढं तो मला बघितलं की जातं झाडूनच ठेवायचा.

शिरो हा तिथला रोजचा पदार्थ. नाव ऐकून मला गोड शिरा वाटला होता, निघालं चक्क पिठलं! भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं पीठ उकळत्या पाण्यात हटून करतात. बाजारी पिठात लसूण आधीच दळलेला असतो, म्हणून तयार पीठ घ्यायचं नाही. हरभरा भाजून, मिरची, ओवा, मेथी घालून घरचं दळायचं. बेसो म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, आपलं सातूचं पीठच. कोलो म्हणजे भाजलेले जव आणि हरभरे, रस्त्यात मापानं विकतात. पाण्याचा थेंब नाही, शिळं व्हायचा प्रश्न नाही. वर्गावरून वर्गावर जाताना पर्समध्ये मूठभर कोलो असला की मला कशाची ददात नसायची. किन्चे म्हणजे भरडलेल्या गव्हाचा मऊ दलिया. त्यात घालायचं मसाल्याचं लोणी लसणाचं असतं, तेवढं नको म्हणून सांगायचं.

एवढं सगळं त्या गावात पहिल्या दिवसापासून होतं. मी खोलीत दोन महिन्यांची भाजणी खात होते.

रात्रीभोजनाचीही मला धास्ती होती. पण त्यांचं घड्याळ बघा कसं आहे. दिवस उगवला की त्यांचं मोजणं सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे त्यांचे बारा. तिथं सूर्य वर्षभर सहा ते सातच्या दरम्यान मावळतो. मी सांगायची, "बारानंतर मी खात नाही." एवढं पुरायचं. दिवस संपला, जेवण संपलं. जे लोक स्वतः दुपारी तीनपर्यंत थांबतात, त्यांना मी सूर्यास्तानंतर का थांबते हे फार समजवावं लागलं नाही.

हुदादेच्या दिवसांत त्या भूगोलाच्या बाईंनी मला घरी बोलावलं. त्या दिवसांत घरात मांस शिजत नाही, बहुतेक खाटकांची दुकानंही बंद असतात. म्हणून मी त्याच दिवसांत जायचं ठरवलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, ऊद लावलेला. त्यांच्या आईनं, सगळे त्यांना एमामा म्हणायचे, समोर बसून कॉफीच्या बिया भाजल्या, कुटल्या, मातीच्या जेबेनात उकळल्या. कॉफीचे तीन फेर होतात, अबोल, तोना आणि बरका. तिसरा आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठायचं नाही.

मग एमामांनी मानाचा पेला पुढं केला. तेज. मधापासून केलेली दारू. तीन मकारांतले दोन एकाच पेल्यात, मद्यही आणि मधही! मी हात जोडले. माझ्या मैत्रिणीनं आईला समजावलं. एमामांनी पेला मागं घेतला, पण चेहरा उतरला. मग त्यांनी इंजेराचा घास केला, भाजीत बुडवला आणि माझ्या तोंडाशी आणला. याला गुर्शा म्हणतात. आपल्या हातानं पाहुण्याला भरवायचं, ही त्यांची माया. नाकारणं म्हणजे मायाच नाकारणं.

मला दरदरून घाम फुटला. खाल्ला तर माझा नियम मोडतो, नाही खाल्ला तर सत्तर वर्षांच्या त्या माउलीचा हात तसाच राहतो. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि मैत्रिणीला म्हटलं, "एमामांना सांग, पीठ आंबवल्यावर त्यात जीव वाढतात असं आम्ही मानतो. पीठ ताजं असतं तर मी दोन घास मागून घेतले असते."

एमामा माझ्याकडं बघत राहिल्या. मग एकच शब्द बोलल्या आणि उठून आत गेल्या. "किता."

पाच-सात मिनिटांत तव्याचा वास आला. तेफचं कोरडं पीठ, पाणी, मीठ, आणि लगेच थापून मितदवर, म्हणजे त्यांच्या खापराच्या तव्यावर, भाजलेली बिनआंबवणाची भाकरी. तिलाच किता म्हणतात. दुसऱ्या तव्यावर नुसत्या नुगच्या तेलात परतलेला गोमेन. त्यांनी घास केला आणि मला भरवला. मी खाल्ला. मीही त्यांना भरवला. उशिरा जेवणाऱ्या त्या घरानं त्या दिवशी माझ्यासाठी बाराच्या आत ताट वाढलं होतं.

किता त्या गावात नवी नव्हती. घाईच्या वेळी घरोघरी करतात. मला ती सहा महिने सापडली नाही, कारण मी "का खात नाही" हे कुणाला सांगितलंच नव्हतं. नुसतं "नको" म्हणत होते. "नको" म्हटल्यावर समोरचा काय करणार? "ताजं पीठ चालतं" म्हटल्यावर समोरच्या बाईला तिच्या स्वयंपाकघरात शोधता येतं.

काही जणी म्हणतील, परधर्मी घरच्या तव्यावरचं खाल्लंस, हे बरोबर नाही. ज्यांनी प्रतिमा घेतल्या आहेत, व्रतं घेतली आहेत, त्यांना ते चालणारच नाही आणि त्यांच्यापुढं मी हात जोडते. मी साधी श्राविका आहे. माझ्या घेतलेल्या नियमांत मांस, मद्य, मध, कंदमूळ, आंबवलेलं आणि रात्रीचं खाणं बसत नाही. तेवढं मी दोन वर्षं पाळलं, मागच्यापेक्षा जास्त जागेपणानं पाळलं. घरी असताना डाळ कुणी निवडली, पाणी कुणी गाळलं, हे मी बघतही नव्हते. सासूबाई बघायच्या.

आणि हेही सांगते, की त्यांचं आणि आपलं सगळं एकच, असं म्हणायला मी बसलेले नाही. फासिकाच्या पहाटे त्यांचा त्सोम सुटतो आणि मग घरोघरी मांस शिजतं. त्या दिवसाचं आमंत्रण मला आलं होतं. मी गेले नाही, तसं आदल्या दिवशीच सांगितलं, आणि दोन दिवसांनी कॉफीला गेले. त्यांना राग आला नाही. फरक मोकळेपणानं सांगितला की बोचत नाही. न सांगता तोंड फिरवलं की बोचतो.

तेव्हा मुलींना पाठवणाऱ्या आयांना माझं सांगणं एवढंच. पहिल्या आठ दिवसांची शिदोरी जरूर द्या, प्रवासाचा शीण असतो, चूल लागायला वेळ लागतो. त्यापुढच्या जागेत गाळणीचं फडकं, बारीक चाळणी, छोटा तवा आणि पोळपाट-लाटणं घाला. आणि सोबत तीन प्रश्न द्या. हे कशाचं आहे? हे कधीचं आहे? यात काय काय पडलंय? हे तीन प्रश्न तिथल्या भाषेत विचारता आले पाहिजेत. उत्तर पटलं नाही तर हात जोडून नको म्हणायचं, आणि कारण सांगायचं. पटलं तर बसून खायचं.

त्या दिवशी घरी परतल्यावर मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, बाळ, बॅगेतलं आईनं भरलेलं काढू नकोस, तिला वाईट वाटेल. पण पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गिरण कुठं आहे ते विचार. तिनं विचारलं, "आणि काकू, गिरण नसली तर?"

तर छोटं हातजातं घेऊन जा. पण विचारून बघ आधी.